नाव ओळखणे आणि वस्तू ओळखणे : शीर्षककूटांविषयी काही विचार

१

ग्रंथाचे नाव ओळखता येणे आणि ग्रंथ ओळखीचा असणे या दोहोंत अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकालाही तो एका खेळाच्या निमित्तानेच पडला. माढ्याचे विठ्ठलमंदिर पाहून एम. ए.च्या काही विद्यार्थ्यांसमवेत आम्ही कुर्डुवाडी जंक्शनच्या फलाटावर पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो. गाडीला उशीर होता. एकाने कूट घालावे आणि इतरांनी त्यावरून पुस्तकाचे, चित्रपटाचे वा मालिकेचे नाव ओळखावे असा खेळ सुरू झाला. हातवाऱ्यांनी चित्रपटाचे नाव सुचविण्याचा दमशेराज घरोघरी परिचित आहे; येथे मात्र हातवारे वर्ज्य होते, सारा व्यवहार शब्दांचा.

'दोन मैलांना पुरून उरलेला खानदेशी' हे पहिले कूट. थोड्या शांततेनंतर कोणी तरी 'कोसला' म्हणाले. कोस म्हणजे सुमारे दोन मैल. त्याला 'ला' हा प्रत्यय लागला की नेमाडे यांची १९६३ मधील कादंबरी हाती येते, आणि खानदेशी म्हणजे अर्थातच पांडुरंग सांगवीकर. दुसरे : 'जीभ बाहेर काढून बसण्याची जागा, मुख्यमंत्र्याला ती सोडवत नाही.' योगासनांची माहिती असणाऱ्या मुलीने जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) लगेच ओळखला. तिसरे मालिकेचे होते : 'वेदान्त्याच्या लेखी हे आकाशही मिथ्या, पण रोज संध्याकाळी घरोघरी खरे.' अल्फा मराठीवर १९९९ मध्ये सुरू झालेली 'आभाळमाया' आठवायला फार वेळ लागला नाही. 'माया' या शब्दाचा जिव्हाळा हा अर्थ झाकून भ्रम हा अर्थ पुढे केला होता, एवढीच मेख.

चौथे कूट एका अबोल मुलाने घातले. 'तोळा भरायला एक मासा कमी. कोळ्याकडे मिळणार नाही.' प्रथम हशा पिकला. मग एकाने उत्तर उच्चारले, आणि हशा अर्धवट थांबला. 'अक्करमाशी'. शरणकुमार लिंबाळे यांचे १९८४ मधील आत्मकथन. लेखक याच सोलापूर जिल्ह्यातले. अशा पुस्तकाचा खेळ करू नये, असे एक विद्यार्थिनी म्हणाली. कूट घालणाऱ्याने तिला शांतपणे विचारले, "तू वाचलंयस का?" तिने वाचले नव्हते. ज्याने उत्तर दिले त्यानेही वाचले नव्हते. त्याला ते नाव दलित आत्मकथनांच्या यादीतून ठाऊक होते. वाचले होते फक्त विचारणाऱ्याने.

आक्षेप कोणाचा खरा, हे त्या वेळी ठरले नाही. पुढील विवेचन त्या आक्षेपाचाच पाठपुरावा आहे.

२

नाव झाकून ते ओळखायला लावणे ही आपल्या परंपरेला अपरिचित गोष्ट नव्हे. मराठीत 'उखाणा' या एकाच शब्दाने कोडेही सुचविले जाते आणि पतीचे नाव गुंफलेली ओळही. जणू नाव घेणे आणि नाव झाकणे या एकाच कर्माच्या दोन बाजू असाव्यात. मोरोपंतांनी रामायणे रचताना कोठे ओष्ठ्य वर्ण वगळले, कोठे मंत्राची अक्षरे ओळींत पेरली. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिकेला स्थान आहे. काव्यशास्त्राने मात्र तिच्याकडे सावधपणेच पाहिले. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त तिला अलंकारांतून बाहेर काढले. रसाला ती आडवी येते, हे त्याचे कारण.

दण्डी अधिक उदार आहे. 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात तो प्रहेलिकेचे तीन उपयोग सांगतो : गोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणकारांचे आपापसांतील गुप्त बोलणे आणि दुसऱ्याला बुचकळ्यात टाकणे. त्याने सांगितलेल्या सोळा प्रकारांपैकी तीन आपल्या फलाटावरच्या खेळात हजर होते. पदांच्या संधीने अर्थ गूढ होतो ती 'समागता'. कोस आणि ला जोडून झालेला 'कोसला' तिच्याच कुळातला. एका अर्थी रूढ असलेला शब्द दुसऱ्या अर्थी योजून फसवणूक होते ती 'वञ्चिता'. 'माया' आणि 'मासा' ही तिचीच उदाहरणे. आणि नावाच्या ठायी नाना अर्थांची कल्पना होते ती 'नामान्तरिता'. शीर्षक ओळखण्याचा सारा खेळ तिच्या पोटात मावतो. आधुनिक मराठी अलंकारशास्त्राच्या परिभाषेत पहिला सभंग श्लेष, दुसरा अभंग श्लेष.

येथे एक पोटविधान करावेसे वाटते. इंग्रजी वृत्तपत्रांतील गूढ शब्दकोड्यांचा मोठा भर अक्षरांच्या उलथापालथीवर असतो. देवनागरीत तो डाव फारसा रंगत नाही. मात्रा व्यंजनाला चिकटलेली असते. 'सामान' विस्कटून 'सामना' करायचा तर काना एका अक्षरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवावा लागतो, आणि तसे करणे हा खेळ की शुद्धलेखनाची चूक, याबद्दल दुमत होते. मराठी कूटकाराची खरी सामग्री म्हणजे प्रत्यय, संधी, समास आणि श्लेष. म्हणजेच व्याकरण. इंग्रजीची नक्कल करणारी मराठी कोडी निर्जीव वाटतात, त्याचे एक कारण हे असावे.

परंतु दण्डीकडून घेण्यासारखी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सोळा निर्दोष प्रकारांखेरीज चौदा दुष्ट प्रहेलिकाही पूर्वाचार्यांनी सांगितल्या आहेत असे तो नमूद करतो, आणि दोषांना अंत नसल्यामुळे त्यांच्या वाटेला जात नाही. म्हणजे कूटालाही सदोषता असते. झाकणे हे मनमानीचे काम नाही. इंग्रजी कूटकारांपैकी 'आफ्रिट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या रिचीने १९४९ मध्ये हीच गोष्ट नियमाच्या रूपात सांगितली : कूटकार जे म्हणतो तेच त्याला अभिप्रेत असेल असे नाही, मात्र जे अभिप्रेत आहे ते त्याने म्हटलेले असलेच पाहिजे. गूढ आणि गुप्त यांतला हा भेद होय. गूढात सर्व काही पुढ्यात मांडलेले असते, फक्त पाहण्याची दिशा चुकवलेली असते. गुप्तात आवश्यक ते काढूनच घेतलेले असते. पहिल्यात समोरच्याच्या बुद्धीचा मान राखला जातो, दुसऱ्यात नाही. कूटाची नीती एवढीच, असे तूर्त समजू. पुढे ही समजूत अपुरी ठरणार आहे.

३

आता ज्ञानाचा प्रश्न. ज्याला नाव मुळातच ठाऊक नाही त्याला ते कूटावरून ओळखता येईल काय? कोस आणि ला जोडून 'कोसला' हा ध्वनी मिळेल. पण ते पुस्तकाचे नाव आहे हे आधी ठाऊक नसेल तर उत्तर सापडले हे त्याला कळणार कसे? प्लेटोच्या 'मेनो' संवादातला पेच अक्षरशः हाच आहे : जे ठाऊक नाही ते शोधायचे कसे, आणि सापडले तरी हेच ते असे म्हणायचे कशाच्या आधारे? सॉक्रेटिस तेथे आत्म्याच्या पूर्वस्मृतीकडे वळतो. शीर्षककूटाच्या बाबतीत एवढ्या दूर जाण्याचे प्रयोजन नाही. येथे पूर्वस्मृती अगदी लौकिक असते : ग्रंथालयाचे कपाट, अभ्यासक्रमाची यादी, वर्तमानपत्रातली जाहिरात.

या व्यवहाराचे अधिक नेमके विश्लेषण न्यायदर्शनातील उपमान या प्रमाणात सापडते. नैयायिकांचे ठरीव उदाहरण असे : गवय नावाचा प्राणी नागरिकाने कधी पाहिलेला नाही, तो गाईसारखा असतो असे अरण्यवासी त्याला सांगतो. पुढे अरण्यात तसा प्राणी दिसतो, ऐकलेले वाक्य आठवते आणि 'हाच गवय' असे ज्ञान होते. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार उपमानाचे फळ म्हणजे संज्ञा आणि संज्ञी, म्हणजे नाव आणि नावाची वस्तू, यांच्या संबंधाचे ज्ञान. आता आपला खेळ याच्या शेजारी ठेवून पाहावा. नागरिकाला नाव आणि वर्णन आधी मिळते, वस्तू शेवटी. कूट सोडवणाऱ्याला वर्णन मिळते, नाव शेवटी, आणि वस्तू? ती या व्यवहारात आलीच पाहिजे असे नाही. अरण्यात पाऊल न टाकता गवयाचे नाव अचूक सांगणारा नागरिक म्हणजे आपला उत्तम खेळाडू.

खेळापुरते यात वावगे काहीच नाही. अडचण अशी की हा खेळ केवळ फलाटावर चालत नाही. विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांतील आणि नेट-सेटसारख्या परीक्षांतील 'जोड्या लावा' हा प्रश्न याच जातीचा आहे. फरक इतकाच की त्यात श्लेष नाही आणि म्हणून आनंदही नाही. एका रकान्यात 'रणांगण', 'बनगरवाडी', 'पाचोळा'; दुसऱ्यात बेडेकर, माडगूळकर, बोराडे. ज्याने एकही उघडले नाही त्याला पूर्ण गुण मिळू शकतात, आणि ज्याने 'रणांगण' दोनदा वाचली पण घाईत रेघ चुकीची ओढली त्याला शून्य. वाङ्मयेतिहासाच्या नावाखाली आपण विद्यार्थ्यांना संज्ञा देतो आणि संज्ञी देण्याचे काम ग्रंथपालावर सोडतो. प्रस्तुत लेखकाने अशा प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. तपासायला त्या फार सोप्या असतात.

या तुलनेत कूटाची बाजू घ्यावीशी वाटते. 'रणांगण' घ्या. कादंबरी घडते युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजावर; रूढ अर्थाचे रणांगण तीत नाही. 'चारी बाजूंना पाणी असलेले युद्धक्षेत्र' असे कूट कोणी घातले तर उत्तर देणाऱ्याला क्षणभर तरी विचार पडेल की पाण्यावरच्या या गोष्टीला १९३९ साली बेडेकरांनी हे नाव का दिले असावे. शीर्षक हेच लेखकाने घातलेले पहिले कूट असते, वाचन हा ते सोडवण्याचा दीर्घ मार्ग. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेलांनी चित्रपट केला तेव्हा त्याला 'उंबरठा' (१९८२) हे नाव दिले. एकाच स्त्रीच्या कथेकडे नेणारी ही दोन वेगळी कूटे आहेत : एक सांगते तिला काय उरले नाही, दुसरे सांगते तिने काय ओलांडले. चांगले शीर्षककूट लेखकाच्या या मूळ कूटाला स्पर्श करते. वाईट कूट केवळ अक्षरांशी खेळते. 'कोसला'वरचे आपले कूट, खरे सांगायचे तर, दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यातला 'पुरून उरलेला' हा शब्दप्रयोग चटकदार आहे. पण कोशात स्वतःला गुंडाळून घेणाऱ्या जीवाचा त्यात मागमूस नाही.

४

नाव, लक्षण आणि वस्तू यांचा संबंध केवळ खेळाचा विषय नाही, याची साक्ष ज्या गावाहून आम्ही परतत होतो तेच गाव देते. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की विठ्ठलाची आद्यमूर्ती पंढरपुरात नसून माढ्याच्या मंदिरात आहे. अफझलखानाच्या १६५९ मधील स्वारीच्या वेळी मूर्ती माढ्यास हलविल्याची परंपरा त्यांच्या हाताशी होती. परंतु त्यांच्या युक्तिवादाचा कणा वेगळा आहे. स्कंदपुराणाच्या नावावर असलेल्या पांडुरंगमाहात्म्यात मूर्तीची जी लक्षणे येतात त्यांत वक्षःस्थळावरील मंत्राक्षरांचा समावेश आहे, आणि तो मंत्र कूटरूपाने सांगितलेला आहे. पंढरपूरच्या मूर्तीवर अशी अक्षरे नाहीत. माढ्याच्या मूर्तीच्या छातीवर ती कोरलेली आहेत, असे ढेरे यांनी दाखवून दिले.

पद्धतीच्या दृष्टीने हे गवयाच्या उदाहरणाचे जिवंत रूप आहे. ग्रंथातले वर्णन ऐकलेला पुरुष अरण्यात जातो, समोरच्या वस्तूवर ती लक्षणे पाहतो आणि 'हीच ती' म्हणतो. शब्दकोडे सोडवणाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर आडव्या ओळीतून मिळालेले अक्षर उभ्या ओळीशी जुळले. या ग्रंथाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. महाराष्ट्रात मात्र माढ्याच्या मुद्द्यावरून मोठा क्षोभ झाला.

त्या क्षोभाला केवळ भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. त्यात दोन भिन्न आक्षेप गुंतलेले असू शकतात. पहिला तर्काचा. खेळात कूटकार समोर बसलेला असतो. उत्तर बरोबर की चूक हे तो सांगतो. इतिहासात असा कोणी नसतो. लक्षण जुळले म्हणजे वस्तू तीच, हे अनुमान तेव्हाच टिकते जेव्हा ग्रंथ वाचून कोणी नंतर ती लक्षणे मूर्तीवर कोरली नाहीत याची खात्री असते. कूट पाहून उत्तर घडविणे आणि उत्तर पाहून कूट रचणे या दोन्ही गोष्टी संभवतात, आणि दगडाकडे नुसते पाहून त्यांतली कोणती घडली हे ठरत नाही. ढेरे यांचे पुरावे एकट्या अक्षरांवर उभे नाहीत. तरीही अक्षरे हाच त्यांतला सर्वांत मोहक पुरावा आहे, आणि मोहकता हे प्रमाण नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. वारकऱ्याच्या दृष्टीने विठ्ठल हे नाव लक्षणांच्या यादीतून वस्तूवर बसविलेले नाही. ते घेतले जाते. शतकानुशतके, चालत, मोठ्याने. नाव घेण्याने जो संबंध प्रस्थापित होतो तो छातीवर काय कोरले आहे याच्या तपासणीवर अवलंबून नसतो. संशोधकाला ओळख हवी असते, वारकऱ्याला भेट. आम्ही गेलो तेव्हा माढ्याची मूर्ती वस्त्रालंकारांनी सजलेली होती आणि जे कूट पाहायला विद्यार्थी आले होते ते उपरण्याखाली झाकलेले होते. त्यांचा थोडा हिरमोड झाला. पुढे दर्शनाला उभ्या असलेल्यांचा झाला नाही.

याचा अर्थ भेटीचा अधिकार मोठा आणि ओळखीचा छोटा असा मात्र नाही. अरण्यात जाण्याचे कष्ट ढेरे यांनी घेतले, हे नाकारता येत नाही. वर्णन हातात घेऊन वस्तूपर्यंत चालत जाणारा आणि नंतर ती तीच आहे काय या प्रश्नाचे दायित्व स्वतःवर घेणारा अभ्यासक, चुकला असे गृहीत धरले तरी, यादीतून नाव सांगणाऱ्यापेक्षा ज्ञानाच्या वेगळ्याच प्रांतात उभा असतो.

५

आता तो चौथा प्रश्न. सर्व काही पुढ्यात मांडलेले असावे, ही कूटाची नीती आपण मानली होती. पण पुढ्यात म्हणजे कोणाच्या? महाभारतातील आठ हजार आठशे कूटश्लोकांबद्दल व्यास सांगतात की ते मला कळतात, शुकाला कळतात, संजयाला कळतात की नाही सांगता येत नाही. कूट घालताच ज्ञात्यांचे एक वर्तुळ आखले जाते. भामहाला हे वर्तुळ खुपले होते. काव्यही शास्त्राप्रमाणे व्याख्येवाचून कळेनासे झाले तर उत्सव विद्वानांचाच, बिचारे मंदमती मेले, अशी त्याची तक्रार आहे. भट्टीच्या काव्याच्या शेवटी जवळजवळ हेच शब्द येतात, आणि तेथे ते बिरुद म्हणून येतात. तक्रार आणि बिरुद यांच्यात शब्दांचा फरक नगण्य आहे. फरक आहे वर्तुळाच्या कोणत्या बाजूला उभे राहून ते उच्चारले गेले याचा.

अलीकडच्या मराठी शीर्षकांनी हे वर्तुळच उलटे करून दाखविले. 'गोलपिठा'ची (१९७२) प्रस्तावना लिहिताना तेंडुलकरांना कित्येक शब्दांचे अर्थ ढसाळांकडून समजून घ्यावे लागले. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या, म्हणजे माढ्याच्या शेजारच्या मुलखातल्या नागराज मंजुळे यांनी आपल्या चित्रपटाला 'फँड्री' (२०१३) हे नाव दिले तेव्हा पुण्या-मुंबईचे प्रेक्षक एकमेकांना अर्थ विचारत राहिले. तो कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा शब्द आहे. त्या बोलीत वाढलेल्याला त्यात कूट कोठे होते? सारे काही पुढ्यात होते. पण ते पुढा आपला नव्हता. जब्याच्या घरचा शब्द कोडे म्हणून ऐकावा लागणे, ही प्रमाण मराठीच्या प्रेक्षकाला शिकण्यासारखी लाज होती, आणि ती लाज हा चित्रपटाच्या अर्थाचाच भाग आहे. या शीर्षकावर कोणी श्लेषाचे कूट रचू पाहील तर ते रचता येणार नाही. मराठीत त्याची फोड होत नाही.

'अक्करमाशी'ची फोड होते, आणि तीच अडचणीची आहे. बारा माशांचा तोळा. अकरा माशांचे ते उणे. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्याला गावाने दिलेली ही शिवी स्वतःच एक कूट आहे : माणूस झाकून वजन पुढे केलेले. सर्व गाव त्याचे उत्तर जाणत होते आणि ज्याच्यावर ते घातले गेले तोही. लिंबाळे यांनी तो शब्द मुखपृष्ठावर ठेवला तेव्हा वाचकाला पुस्तकाचे नाव घेण्यासाठी शिवी उच्चारावी लागली, पुस्तकविक्रेत्यालाही, प्राध्यापकालाही. यादीत मात्र तो शब्द पुन्हा निरुपद्रवी होतो. दलित आत्मकथने : 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या'. स्वल्पविरामांनी धार बोथट केलेली असते. फलाटावर 'तोळा भरायला एक मासा कमी' हे ऐकून जो हसला त्याने उत्तर उच्चारताना, कदाचित प्रथमच, त्या शब्दात तराजू आहे हे ऐकले. त्याचे हसू अर्ध्यावर थांबले ते त्यामुळे.

मग आक्षेप घेणारी विद्यार्थिनी चुकली काय? पूर्णपणे नाही. 'कोळ्याकडे मिळणार नाही' ही पुस्ती निव्वळ चातुर्याची आहे. 'मासा' या शब्दाची वञ्चना पुरी करण्यापलीकडे तिला काम नाही, आणि वेदनेच्या शेजारी चातुर्याने किती वेळ उभे राहावे याला मर्यादा असते. विश्वनाथाचे रसविघ्न येथे काव्यशास्त्रीय राहत नाही. पण न वाचलेल्या पुस्तकाचे पावित्र्य राखण्याचा तिचा आग्रह मला त्या कूटापेक्षा अधिक संशयास्पद वाटतो. त्यात आदर होता, आणि अंतरही तेवढेच होते.

गाडी आल्यावर डब्यात मी त्या मुलाला विचारले की हे कूट त्याला सुचले कसे. पुस्तक वाचण्यापूर्वी, अकरावीत असताना, केवळ नाव ऐकून ते रचले होते, असे तो म्हणाला. वाचून झाल्यावर ते बदलावेसे वाटले. म्हणून पुन्हा पुन्हा तपासून पाहिले, पण पहिल्या अर्ध्यातला एकही शब्द चुकीचा निघेना.